जळक्या तारेच्या जुड्या

भागीदारी मोडली त्या दिवशी आम्ही उधारी तराजूवर तोलून वाटून घेतली.

आमच्या दुकानात पंपाच्या आणि यंत्रांच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त व्हायच्या. फिटर मोटर बोअरमधून वर ओढून आणायचा, मी तिची जळकी तार उपसून नवी भरायचो आणि तो ती परत नेऊन उतरवायचा. बावीस वर्षं असंच चाललं. उपसलेल्या तांब्याच्या तारेची जुडी बांधून मागच्या भिंतीवर खिळ्याला लटकवायची. गिऱ्हाइकाने पैसे दिले की जुडी त्याची. पैसे येईपर्यंत ती भिंतीवर. जुडीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर नाव आणि मोटर किती हॉर्सपॉवरची ते. बिल त्यावरूनच ठरायचं, त्यामुळे वही कधी लागली नाही. भिंतीकडे बघितलं की कोण देणं लागतो ते कळायचं.

"तोलून घेऊ," फिटर म्हणाला. "मोठी मोटर, जास्त तार, जास्त बिल. वजन निम्मं झालं की उधारी निम्मी झाली."

मला पटलं. माझी मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "काका, कागदावर रकमा मांडून वाटा ना. तांबं कशाला तोलता?"

"वजन खोटं बोलत नाही, पोरी," फिटर म्हणाला, आणि मीही मान डोलावली. दोघंही आम्ही हाताने काम करणारे. कागदापेक्षा तराजूवर आमचा भरवसा जास्त.

एकतीस जुड्या होत्या. "पहिला हात तुझा," फिटर म्हणाला. मी जड जड जुड्या उचलल्या. बारा जुड्यांतच निम्मं वजन भरलं. उरलेल्या एकोणीस बारक्या त्याच्याकडे गेल्या. मला वाटलं, मी शहाणपणा केला. त्याला एकोणीस दारं फिरावं लागणार, मला बाराच.

भांडण असं झालं नाही. माझी बायको गेली त्याला पाच महिने झाले होते. आमच्या कामात ही वेढे मोजायची. हँडल फिरवायचं, तार साच्यावर गुंडाळायची आणि मोठ्याने मोजत राहायचं. मोजताना कुणी आलं तर ही नुसता हात वर करायची, की माणूस दारातच थांबायचा. ती गेल्यावर हँडल मी फिरवायला लागलो. चाळिसापर्यंत बरं चालायचं. मग दवाखान्याचा जिना आठवायचा, आणि जिन्यावरून परत यायचो तेव्हा चाळीस झाले की पन्नास, काही कळायचं नाही. वेढे कमी पडले की मोटर जास्त करंट ओढते आणि जळते. हिवाळ्यात भरलेल्या मोटरी उन्हाळा लागताच परत यायला लागल्या.

फिटरने चार महिने सोसलं. मग एके दिवशी हात पुसत तो म्हणाला, "मिस्त्री, तुझं दुःख मला कळतं. पण तुझं दुःख बोअरमधून वर ओढायला मला दर वेळी तीन माणसं लागतात."

त्यात खोटं काही नव्हतं.

ठरलं ते असं. मोठ्या रस्त्यावर त्याने दुसरी जागा बघितली होती. दुकानातलं सामान, म्हणजे वेढ्याचं मशीन, व्हार्निश सुकवायची पेटी, टेस्टिंगचा बोर्ड, सगळं मिळून साठ हजारांचं. त्याच्या वाट्याचे तीस हजार मी महिन्याभरात द्यायचे. नाही दिले तर सामान तो घेऊन जाणार आणि मला तीस देणार. पेटीशिवाय मी घरात बसून काय भरणार होतो? वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या बाकावर रोजावर बसावं लागलं असतं. आणि वेढे चुकणाऱ्या मिस्त्रीला बाकावर तरी कोण बसवतो?

दुसऱ्या दिवशी मुलीने स्कूटर काढली. ती आधी कापडाच्या दुकानात हिशेबाला होती. आईच्या दुखण्यात तिने ती नोकरी सोडली होती. मी मागे बसलो, मांडीवर पोतं, पोत्यात जुड्या. खड्डा आला की तांबं पोटाला लागायचं.

"बाबा, पहिलं घर कुणाचं?"

"लाकडाच्या वखारीचं. दहा हॉर्सपॉवर. आठ हजार."

"रस्ता माहितीये?"

रस्ता मला माहीत नव्हता. बावीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाच्या दारात गेलो नव्हतो. मोटरी यायच्या आणि जायच्या. पुठ्ठ्यावरची नावं तोंडपाठ होती, माणूस एकही ठाऊक नव्हता.

वखारीचा मालक खुर्चीवर बसून फोनवर बोलत होता. आम्ही उन्हात उभे राहिलो. त्याने फोन ठेवला, दुसरा लावला. एका कामगाराने मुलीला स्टूल आणून दिलं. ती बसली नाही. अर्ध्या तासाने त्याने आमच्याकडे बघितलं.

"बोला."

"मोटरीचे पैसे राहिलेत. आठ हजार."

"तुम्ही कोण?"

"मिस्त्री. तुमची मोटर मी भरली."

"मोटर फिटरने भरली."

"फिटर बसवतो. भरतो मी."

"असेल. पण मी तुम्हाला कधी बघितलेलं नाही. उद्या कुणीही येईल आणि म्हणेल मी भरली."

मी पोत्यातून जुडी काढून समोर धरली. त्याने पुठ्ठा वाचला, जुडी हातात तोलली आणि खाली ठेवली. "नाव माझंच आहे. पण पैसे कसले द्यायचे? मोटर तापते. हात लावून बघा. तासाभराने कामगार मशीन बंद करतात."

ही पण माझ्याच हाताने बिघडली असणार, असं वाटलं. मी आत गेलो. करवत चालू होती, एक जाड ओंडका त्यातून जात होता. मोटरीचा आवाज मला ओळखू येईना. बाकावर मोटर मोकळी फिरते, तिला काही ओढायचं नसतं. इथे तिच्या अंगावर लाकूड होतं. मी तळवा ठेवला. चटका बसला, पण हात लगेच काढला नाही. आवाज सरळ होता. वेढे कमी असते तर ती गुरगुरली असती.

"बंद करा जरा," मी म्हणालो.

मागचं पंख्याचं झाकण उघडलं. आत लाकडाचा भुसा दाबून दाबून बसला होता, ढेकळासारखा. पंखा फिरत होता पण हवा जायला जागाच नव्हती. मी तारेने भुसा उकरला, मुलीने स्कूटरमधून जुना ब्रश आणला. अर्धी पाटी भुसा निघाला. मोटर चालू केली, पाऊण तास थांबलो. मालकाने स्वतः येऊन हात लावला. मग दुसरा हात लावला.

"गार आहे," तो म्हणाला. त्याला आनंदापेक्षा पंचाईत जास्त झाली. आता कारण उरलं नव्हतं. "बरं, असं करू. निम्मे आज घ्या. निम्मे नंतर."

मी हो म्हणणार होतो. मुलीने जुडी उचलली आणि मालकाला विचारलं, "मग ही निम्मी कापून देऊ का? कुठून कापू?"

ती थट्टा करतेय की खरंच विचारतेय, मलाही कळलं नाही. कामगार हसले. मालक आधी त्यांच्यावर खेकसला, मग स्वतःच हसला. साडेसात हजार मोजून दिले. पाचशे म्हणे उन्हात त्याला बोलायला लावल्याबद्दल कापले. आम्ही जुडी देऊन निघालो.

रस्त्यात ती म्हणाली, "बाबा, तुमच्या लक्षात आलं का? आपल्या वाट्याला सगळे मोठेच आलेत."

"म्हणून तर मी जड जुड्या उचलल्या."

"छोटा माणूस चार महिन्यांत कधीतरी देऊन टाकतो, त्याला दुकानासमोरून जाताना लाज वाटते. मोठ्या माणसालाच उधार परवडते."

पोतं आता थोडं हलकं लागत होतं, तेवढंच.

पुढचे दहा दिवस आम्ही फिरलो. एकाने कुत्रं सोडलं नाही, पण बांधलंही नाही. एका शाळेत चार टेबलांवर चार सह्या लागल्या, आणि चौथ्या टेबलावरचा माणूस रजेवर होता. तिथे तीनदा गेलो. एकाने निम्मे दिले आणि जुडी मात्र अख्खी मागितली. एकाच्या घरी त्याची बायको म्हणाली, ते घरात नाहीत, आणि आतून तो खोकला. मुलगी म्हणाली, "खोकल्याला काहीतरी द्या त्यांना," आणि आम्ही पायरीवर बसून राहिलो. तासाभराने त्याला बाहेर यावंच लागलं. संध्याकाळी घरी आलो की माझी कंबर धरलेली असायची. मुलगी भात टाकायची आणि मी कागदावर आकडे मांडायचो. तेराव्या दिवशी कागदावर सोळा हजार होते.

चौदाव्या दिवशी कोंबड्यांच्या शेडवर गेलो. तिथलं सगळं एक बाई बघायच्या. पन्नाशीच्या, पायात गमबूट, हातात पाण्याची नळी. मला बघून त्यांनी नळी बंद केली.

"मिस्त्री ना तुम्ही? या, या. बसा."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी मला ओळखलं होतं. त्यांनी चहा मागवला. मला धीर आला. चहा अर्धा झाल्यावर मी जुडी काढली आणि म्हणालो, "बाई, तेवढं मोटरीचं राहिलंय. चार हजार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जुडीकडे. मग मुलीकडे.

"मिस्त्री, ते मी दिलेत."

"फिटरकडे दिले असतील."

"नाही. तुमच्याकडे. दवाखान्यात. तुमच्या बायकोला बघायला आले होते, वरच्या मजल्यावर बाकड्यावर बसला होतात तुम्ही. मी म्हटलं, लागतील, ठेवा. तुमच्या शर्टाच्या खिशात घातले. तुम्ही मान हलवलीत."

मला काही आठवेना. बाकडं आठवत होतं. समोरच्या भिंतीवरचा डाग आठवत होता. ह्या बाई नाही आठवल्या. मी जुडी धरून तसाच बसलो. ज्या बाईने माझ्या वाईट वेळी खिशात पैसे घातले, तिच्या दारात मी पोतं घेऊन वसुलीला आलो होतो, आणि वर तिचाच चहा पीत होतो.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"त्यात काय चुकलं? पावती द्यायच्या अवस्थेत होतात का तुम्ही?" त्या म्हणाल्या. "चहा गार करू नका."

जुडी मी त्यांच्यापाशी ठेवली. त्यांनी ती नको नको म्हटलं, पण मी ठेवली. येताना मुलीने स्कूटर जोरात चालवली.

घरी आल्यावर मी पोतं कोपऱ्यात टाकलं. "बास. आता मी नाही जाणार. आणखी किती जणांनी असे दिले असतील, मला काय माहीत?"

मुलगी भांडी विसळत होती. "मला पण आठवत नाही," ती म्हणाली. "त्या दिवसांत कोण येऊन गेलं, कोण जेवून गेलं, घरात किती पैसे आले, कशाला गेले."

"मग कुठल्या तोंडाने मागायचं?"

ती बराच वेळ तेच पातेलं विसळत राहिली. "आधी विचारायचं. तुम्ही दिले असतील तर सांगा, आमच्या लक्षात नाही. असं सरळ."

"असं विचारलं तर न दिलेला पण म्हणेल, दिले."

"म्हणू दे. निदान दिलेल्याकडे परत मागितलं, असं तरी व्हायचं नाही."

पुढच्या घरांत आम्ही तसंच विचारलं. एक जण लगेच म्हणाला, हो, दिले की. त्याची नजर आमच्यावर नव्हती. आम्ही जुडी दिली आणि निघालो. बाकीच्यांनी मात्र डोकं खाजवलं आणि म्हणाले, नाही, मिस्त्री, राहिलेत. एक म्हातारे गृहस्थ तर रागावले. "मी दिले असते तर मला माहीत नसतं? असं कसं विचारता?" आणि आत जाऊन पेटी उघडली. त्या तीन दिवसांत साडेसहा हजार आले. माणूस डोकं कसं खाजवतो ते बघून पैसे येणार की नाही ते मला आता कळायला लागलं होतं.

विसाव्या दिवशी साडेबावीस हजार हातात होते. उरली होती एक जुडी, सगळ्यात जड. डेअरीची.

डेअरीवाला गोठ्याच्या दारातच भेटला. अंगात बनियन, हाताला शेण. आत पन्नासेक जनावरं होती आणि दारात पाण्याचा टँकर उभा होता. मी विचारलं, तसंच सरळ. तो म्हणाला, "दिले नाहीत. आणि देणार पण नाही. अकरा हजार म्हणता तुम्ही. मोटर दोनदा जळाली. पहिल्यांदा फिटरने फुकट काढली, बसवली. आता परत जळून पडलीये, ती बघा. चौदा दिवस मी टँकर आणतोय. जनावरांना सांगू का, पाणी उद्या प्या म्हणून?"

मोटर भिंतीला टेकवून ठेवली होती. जळक्या व्हार्निशचा वास लांबूनच आला.

"दुसऱ्यांदा कधी भरली होती?"

"हिवाळ्यात. थंडी होती."

कधी ते विचारायची मला गरजच नव्हती. मी मोटरीपाशी बसलो. पुढचं झाकण काढलं, तारेची एक गुंडी कापली आणि वेढे मोजले. पुन्हा मोजले. नऊ कमी होते. मुलगी माझ्या मागे उभी होती. तिने आकडा विचारला नाही.

"तुमचं बरोबर आहे," मी डेअरीवाल्याला म्हणालो. "वेढे कमी पडलेत. चूक माझी."

तो भांडणाच्या तयारीत होता, एकदम थांबला. फिटरला शिव्या द्यायच्या की मला, ते त्याला ठरवता येईना. "मग आता काय?"

"मी परत भरतो. तार माझी. उतरवायची मजुरी पण माझी. पाच दिवस चालू दे. पाच दिवस नीट चालली तर पैसे द्या. नाही चालली तर पैसे नकोत, ही जुडी पण तुमची."

"आणि मधले टँकर?"

"टँकर तेवढे तुमचे," मुलगी म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं आणि हाताचं शेण पोत्याला पुसलं. "उचला," तो म्हणाला.

तारेला साडेतीन हजार गेले. पेटी पेटवली, जुनी तार उपसली, तार बसते त्या खाचा घासून साफ केल्या. त्यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेढ्याच्या मशीनपुढे बसलो आणि हँडलला हात लावला नाही. मुलीने स्टूल ओढलं.

"उठा बाबा. मी फिरवते."

ती फिरवायला लागली. ओठ मिटलेले. दर दहा वेढ्यांना लाकडावर खडूची रेघ. मला ते बघवेना.

"मोठ्याने मोज."

"मोठ्याने मोजलं की माझं चुकतं."

"तुझी आई मोठ्यानेच मोजायची."

तिने हँडल थांबवलं. एका हाताने तार घट्ट धरून ठेवली, सुटू दिली नाही. "बाबा, मी आई नाही," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. मग पुढची रेघ ओढली.

पहिली गुंडी झाली. मी ती उलगडून मोजली. बरोबर होती. दुसरी झाली. तीही उलगडली. बरोबर. तिसरी मी हातात घेतली तशी ती म्हणाली, "उलगडायची हौस फिटली असेल तर आता बसवा. तारेवरचा लेप उडतोय. साडेतीन हजारांची तार आहे."

मी ती खाचेत बसवली. त्यानंतर एकही उलगडली नाही. दुपारपर्यंत तिच्या हाताला फोड आला, तिने त्यावर चिंधी बांधली आणि दुसऱ्या हाताने फिरवायला लागली. मी कागद कापून खाचांत घालत होतो, गुंड्या दाबत होतो, टोकं जोडत होतो. मधे दोन तास आम्ही मान वर केली नाही. त्या दोन तासांत मला दवाखाना आठवला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं, आणि मला जरा चुकल्यासारखं वाटलं. मग तेही गेलं.

उतरवायला फिटर लागणार होता. मी त्याच्या नव्या जागेत गेलो. तो दाराला रंग देत होता.

"दोन हजार," तो म्हणाला. "रोख."

"तू कधी उतरवायचे पैसे घेतलेस?"

"पूर्वी भागीदार होतो."

पंचविसाव्या दिवशी तो बोअरवर उभी करायची तिवई, चेनपुली आणि तीन माणसं घेऊन डेअरीवर आला. मी पण गेलो. मोटर बघून त्याने गुंड्यांची टोकं अंगठ्याने दाबली. "वेढे कोणी मोजले?"

"पोरीने."

त्याने मोटरीला दोर दुहेरी बांधला.

मी त्याचं काम कधी बघितलं नव्हतं. वीस वीस फुटी पाइप, प्रत्येक पाइप उभा धरायचा, जोडायचा, पान्याने आवळायचा आणि सगळं वजन पुलीवर तोलून हात हात खाली सोडायचं. नऊ पाइप. ऊन डोक्यावर. तिसऱ्या पाइपाला त्याचा शर्ट पाठीला चिकटला. सहाव्याला पाना सटकला आणि त्याच्या नखातून रक्त आलं. त्याने बोट तोंडात घातलं, थुंकला आणि पुढचा पाइप मागितला. बावीस वर्षं मला वाटायचं की अवघड काम माझं. ही मोटर हिवाळ्यापासून त्याने माझ्या चुकीपायी किती वेळा वरखाली केली, ते मी मनात मोजलं.

"पाणी पी," मी म्हणालो आणि तांब्या पुढे केला.

"आता का? इतकी वर्षं कुठं होतास?" तो म्हणाला, पण प्यायला.

मोटर चालू केली. आधी हवा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. जनावरं दाव्याला ओढ देऊन हंबरायला लागली. फिटरने माझ्याकडून दोन हजार घेतले, मोजले आणि तिवई गाडीत टाकून गेला.

ते पाच दिवस मी रोज सकाळी डेअरीवर जायचो. बोअरवर कान लावायचो आणि स्टार्टरला हात. डेअरीवाला तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही रोज येणार असाल तर एखादी म्हैस पिळत जा." चौथ्या दिवशी वीज कमीजास्त झाली, दिवे पिवळे पडले. मी तिथून हललो नाही. मोटरीचा आवाज जरा खाली आला, पुन्हा सरळ झाला. पाचव्या दिवशी टँकरवाला चुकून आला, त्याला डेअरीवाल्याने परत पाठवलं.

तोच तिसावा दिवस. पैसे घ्यायला फिटरही तिथेच आला होता. डेअरीवाल्याने आतून डबा आणला आणि अकरा हजार माझ्या हातावर ठेवले. जड जुडी त्याने गोठ्याच्या खिळ्याला लटकवली. मी खिशातले सतरा त्यात घातले आणि सगळे फिटरला दिले.

त्याने बोटाला थुंकी लावून मोजले. "अठ्ठावीस."

"हो."

"दोन कमी आहेत."

"दोन तुझ्या खिशात आहेत. पंचविसाव्या दिवसाचे."

"ती मजुरी. त्यातले बाराशे माणसांना गेले."

"मग आठशे तरी धर."

"मिस्त्री, ठरलं ते तीस. आज तिसावा दिवस. सामान मी उद्या उचलू शकतो." तो हे बोलला, पण गाडीकडे गेला नाही. नोटा हातात धरून पाणी पिणाऱ्या जनावरांकडे बघत उभा राहिला. त्याच्या नखाला अजून पट्टी होती.

मुलगी इतका वेळ स्कूटरपाशी होती. ती पुढे आली. "काका, तुमच्या नव्या जागेत वाइंडिंग कोण करतं?"

"बघतोय मी."

"बघतोय म्हणजे कुणी नाही."

"एक जण आला होता. त्याचे वेढे तुझ्या बापापेक्षा वाईट."

"मग दोन मोटरी आमच्याकडे पाठवा. मजुरीचे हजार हजार. तुमचे दोन फिटले."

फिटरने माझ्याकडे बघितलं. "मोजणार कोण?" त्याने विचारलं.

"मी."

"आणि चुकलीस तर?"

"चुकले तर बोअरमधून काढायची, बसवायची मजुरी आमची. तुमच्या तीन माणसांसकट."

"आणि दोन मोटरींनंतर?"

"त्यानंतर रोख. मोटर दारात उतरायच्या आधी निम्मे, नेताना निम्मे. भिंतीवर काही लटकणार नाही."

"माझ्याकडून पण रोख?"

"तुमच्याकडून आधी."

डेअरीवाला हसायला लागला. फिटरने नोटा दुमडून आतल्या खिशात घातल्या आणि बटण लावलं. मग मला म्हणाला, "ही आईवर नाही गेली."

"नाही," मी म्हणालो. "हिची आई उधार द्यायची."

आणि मी हसलो. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. बायकोचा विषय निघाला आणि मी हसलो, म्हणून मीच घाबरून मुलीकडे बघितलं. ती पण हसत होती आणि ओढणीने नाक पुसत होती.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता फिटरच्या माणसांनी दोन मोटरी दारात उतरवल्या. एक पाच हॉर्सपॉवरची, एक साडेसातची. मुलीने दोन्ही उघडून बघितल्या आणि पाचवाली आधी घेतली. मी पेटीचं बटण दाबलं.